विकास जागा होता

त्रिवेणी बिराजदारला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका कैदी बाईची वेणी घालत होती आणि घालता घालता तिला शिव्या देत होती. त्या बाईनं आदल्या दिवशी दुसरीचं डोकं फोडलं होतं. "पुन्हा हात उचललास तर ही वेणी गजाला बांधीन," असं तेलुगूत बजावून तिनं रिबिनीची गाठ मारली. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाली, "प्रमिला ना? नवीन? ये. कैद्यांना घाबरू नको. इथं घाबरायचं ते आपल्याच लोकांना."

हैदराबादच्या कडेला असलेल्या त्या जुन्या जेलमध्ये बायकांच्या बाजूला आम्ही मोजक्याच वॉर्डर होतो. खाकी साडी, पायात बूट, कमरेला किल्ल्या. आठवड्याची सुट्टी कागदावर होती. बदली माणूस आला नाही तर एक ड्युटी संपायच्या आत दुसरी सुरू व्हायची. आमच्यासाठी वेगळा संडास नव्हता, कैद्यांचाच वापरायचा. नवीन भरती बंद होती. सरकारकडे पैसा नाही, आता सगळं खाजगी होणार, असं जो तो म्हणत होता. शहरात एसटीडी बूथ निघत होते, घरोघरी केबल येत होती, आणि आमच्याकडे रिटायर झालेल्या माणसाची जागा रिकामीच राहत होती.

त्रिवेणीचे वडील नामदेवराव उदगीरकडची शेती भावांना देऊन इथं आले आणि याच जेलमध्ये वॉर्डर झाले. त्यांच्यानंतर त्रिवेणी लागली, मग धाकटा भाऊ विकास. त्रिवेणीचं लग्न झालं होतं, टिकलं नव्हतं. त्याबद्दल ती बोलत नसे, आम्ही विचारत नसू. जेलच्या भिंतीबाहेर वॉर्डर लोकांच्या क्वार्टर्सची लाइन होती. तिथं ती, विकास आणि विकासची बायको भामा असे तिघं राहत. विकास उंच, हसरा, कबड्डी खेळणारा. कैदीसुद्धा त्याला नावानं हाक मारत.

आमचे सुपरिंटेंडेंट मुकुंदराव. शहरातलं जुनं मराठी घराणं, आजोबा निजामाच्या कचेरीत होते. बोलणं मऊ. मराठी माणूस दिसला की आवर्जून मराठीत बोलायचे, "काय, बरं आहे ना?" त्यांचा तारनाक्याला बंगला होता. तिथं बाग राखायला वॉर्डर, भाजी आणायला वॉर्डर, आईंचे पाय चेपायलासुद्धा वॉर्डर. सगळ्याच साहेबांकडे हे चालायचं. जेलच्या हजेरीत माणूस बराकीवर आणि प्रत्यक्षात साहेबांच्या स्वयंपाकघरात.

पंच्याण्णव साली मुकुंदरावांच्या मुलीचं, योगिनीचं लग्न निघालं. महिनाभर आमचे लोक बेगम बाजारातून पोती उचलून तारनाक्याला नेत होते. लग्नाच्या दिवशी तर तीन नंबर बराकीवरचे विकासच्या जोडीचे तिघंही वॉर्डर, नरसय्या, खाजा मियाँ आणि विकासचा जिवलग दोस्त प्रमोद, वाढपी म्हणून उचलले. बराकीवर एकटा विकास उरला. आत दीडशेच्या वर माणसं.

संध्याकाळच्या गिनतीच्या वेळी आतून आरडाओरडा झाला. एकाला फिट आली होती, तोंडाला फेस. दार एकट्यानं उघडायचं नाही असा नियम आहे, पण दुसरा होताच कोण? विकासनं दोनदा शिट्टी वाजवली, ती आम्ही बायकांच्या बाजूला ऐकली, पण आमची बाजू उघडी टाकून जाता येत नव्हतं. कोणी आलं नाही. मग त्यानं दार उघडलं. फेस साबणाचा होता. पाण्याच्या लोखंडी बादलीनं त्याच्या डोक्यावर घाव बसले. दोघं कैदी भिंतीवरून पळाले.

त्रिवेणीनं धावत येऊन त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं, आणि त्याला दवाखान्यात न्यायला गेट उघडायचं तर साहेबांची परवानगी हवी म्हणून गेटवाला फोन लावत होता. साहेब मांडवात होते. फोन कोणी उचलत नव्हतं.

विकास वाचला. पण शुद्धीवर आला तेव्हा तो दिवस त्याच्या डोक्यातून पुसला गेला होता. उजवा पाय ओढायचा, शब्द अडायचे, मध्येच झटके यायचे. चौकशी तो दवाखान्यात असतानाच उरकली. निकाल असा की विकास ड्युटीवर झोपला, कैद्यांनी किल्ल्या काढून घेतल्या. बाकीचे तिघं त्या वेळी दुसऱ्या बाजूला राउंडवर होते. तिघांनी तसं जबानीत सांगितलं. शिट्टी ऐकणाऱ्या आम्हा बायकांना कोणी विचारलंच नाही. विकासची नोकरी गेली.

त्रिवेणी तारनाक्याला गेली. मीही होते सोबत. मुकुंदरावांच्या बागेत आम्ही उन्हात उभ्या राहिलो. आत पूजा चालली होती. एका वॉर्डरनंच बाहेर येऊन सांगितलं, "साब बोलते, ऑफिस का काम ऑफिस में." ऑफिसात तिला भेट मिळाली नाही.

मग ती संघटनेच्या यादगिरीकडे गेली. यादगिरी जेल कर्मचारी संघमचा सेक्रेटरी, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "अम्मा, विकास माझा तम्मुडू, धाकटा भाऊ. त्याच्यासाठी जेलचं गेट बंद पाडीन." आठवडे गेले. गेट काही बंद पडलं नाही. मग एके दिवशी संघमला गेटजवळ खोली मिळाली. टेबल, पंखा, फोन. मुकुंदरावांनी फीत कापली आणि यादगिरीनं त्यांच्या गळ्यात हार घातला. त्या दिवसापासून यादगिरीला शिफ्ट ड्युटी राहिली नाही.

तो हार घालत असताना मी त्रिवेणीकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती.

"अक्का, टाळ्या कशाच्या वाजवतेस?" मी चिडून विचारलं.

"त्याला कळू नये म्हणून," ती म्हणाली. "मी याला उठवणार त्या खुर्चीवरून. मग त्या तिघांना. मग मोठ्याला. घाई नाही मला."

क्वार्टर विकासच्या नावावर होतं, ते सोडावं लागलं. मलकपेठला रेसकोर्सच्या मागं दोन खोल्या घेतल्या. भामा शिवणकाम करू लागली. पण त्रिवेणीला जाळत होतं ते वेगळंच. विकासला तो दिवस आठवत नव्हता, म्हणून लोकांनी सांगितलेलंच त्यानं खरं धरलं होतं. कोणी घरी आलं की अडखळत म्हणायचा, "चूक झाली... झोप लागली मला." त्रिवेणी ओरडायची, "तू शिट्टी वाजवलीस रे! मी ऐकली!" तो तिच्याकडे कीव आल्यासारखं बघायचा. बहीण आहे, बोलणारच, असा चेहरा. एकदा देवासमोर कान पकडून उभा असलेला दिसला तेव्हा तिनं भिंतीवर मूठ आपटली. बोटं सुजली होती. तशाच हातानं दुसऱ्या दिवशी गिनती घेतली.

पुढची काही वर्षं तिनं संघममध्ये गाढवासारखं काम केलं. यादगिरी खूश. बायकांच्या वेगळ्या संडासासाठी तिनंच साहेबांच्या दारात धरणं धरलं आणि तो बांधून घेतला. कोणाचं बाळंतपण, कोणाची बदली, कोणाचा पगार अडला, त्रिवेणी हजर. लाइनीतल्या बायका नवऱ्याआधी तिला सांगू लागल्या. यादगिरी म्हणायचा, "अम्मा आमची वाघीण." वाघीण हसायची. घरी आल्यावर मला विचारायची, "आज कोण कोण त्याच्यावर नाराज झालं?" एकही नाव ती विसरत नसे.

मग नव्याण्णवच्या सुमारास बातमी आली की जेलचे गेट आणि मनोरे एका खाजगी सिक्युरिटी कंपनीला देणार. रिकाम्या जागा कायमच्या रद्द. कंपनी घ्या अशी शिफारस करणाऱ्या कमिटीत मुकुंदराव होते, आता बढती मिळून डीआयजी झालेले. रिटायर झाल्यावर त्याच कंपनीत ते मोठ्या खुर्चीवर बसणार, हे गेटवरचा माणूससुद्धा जाणत होता.

लाइनीतल्या चिंचेखाली सभा भरली. यादगिरी म्हणाला, "जमाना बदललाय. सगळंच नको म्हणून चालत नाही. मनोरे देऊ, गेट आपल्याकडे ठेवू." त्रिवेणी मागं बायकांत बसली होती. उठून पुढं आली.

"अण्णा, मनोरे कोणी मागितले? तुमच्याकडे कोण आलं होतं?"

"अम्मा, बैस. नंतर बोलू."

"नंतरच बोलतेय मी. चार वर्षांनंतर. माझा भाऊ पडला तेव्हा तुम्हाला पंखा मिळाला. आता मनोरे दिल्यावर काय मिळणार? एसी?"

आधी बायका हसल्या, मग पुरुष. यादगिरी ओरडला, पण हसणारी सभा ओरडण्यानं थांबत नाही. महिन्याभरात निवडणूक झाली. लाइनीतल्या बायकांनी आपापल्या नवऱ्यांना मतदानाला असं हाकललं की यादगिरीला त्याच्या सख्ख्या मेहुण्यानंही मत दिलं नाही. आमच्या जेलच्या संघममध्ये बाई सेक्रेटरी झाली, त्रिवेणी.

खुर्ची गेली तसा यादगिरी साहेबांच्याही कामाचा राहिला नाही. त्याची बदली पार टोकाच्या जिल्ह्यात निघाली. संघमनं हरकत घेतली असती तर थांबली असती. तो त्या खोलीत तिच्यासमोर उभा राहिला. "अम्मा, माझं वय बघ."

त्रिवेणीनं पंख्याकडे बोट केलं. "जोरात लावू का? घाम आलाय तुम्हाला."

तो गेला. मला ते बघवलं नाही, खोटं का सांगू.

मग ते तिघं. तिला त्यांना शोधावं लागलं नाही, ते आपण होऊन आले. आमच्या नोकरीत आज ना उद्या प्रत्येकाचा पाय अडकतो. नरसय्याच्या ड्युटीत विड्यांची बंडलं आत सापडली आणि तो सस्पेंड झाला. संघमनं वकील द्यावा म्हणून आला. त्रिवेणी म्हणाली, "देते. आधी मलकपेठला चल. मला सांगू नको, त्याला सांग."

मी तिथं होते. विकास खाटेवर बसला होता, भामा मशीनवर. नरसय्या दारातच थांबला, हात जोडून.

"विकास, तू नैं सोया था भाई," तो म्हणाला. "हम लोगां वाँ थे इच नैं."

मशीन थांबलं. विकासनं शब्द जुळवायला वेळ घेतला. "मग... कुठं होतात?"

"साब के यहाँ. शादी में."

"काय करत होतास?"

"लड्डू बाँट रा था."

विकास बायकोकडे वळला. "भामा, ऐकलंस? मी जागा होतो." परत म्हणाला, "जागा होतो मी." उठला, पाय ओढत दारात गेला आणि गल्लीतून चाललेल्या दूधवाल्याला तेच सांगितलं. मग माघारी वळून त्यानं नरसय्याच्या थोबाडीत अशी मारली की तो चौकटीवर आपटला. भामा धावली. त्रिवेणी जागची हलली नाही. "मारू दे," म्हणाली. "वकील देणार आहे मी त्याला. तेवढं सोसेल."

त्या दिवसानंतर विकासनं कान पकडणं सोडलं. पण आता त्याला झोप लागेना. डोळे उघडे ठेवून पडायचा आणि बहिणीला विचारायचा, "प्रमोदही होता?"

प्रमोदला बदली रद्द करून हवी होती. त्याची बायको मीना आजारी होती, शहर सोडता येत नव्हतं. त्रिवेणीनं त्याला आठवडे झुलवलं. "दोस्त होतास ना त्याचा? मग जास्त वाट बघ." मी म्हणाले, "अक्का, मीनाचा काय दोष?" ती म्हणाली, "भामाचा काय होता?" शेवटी मीनाच स्वतः भामाकडे आली, दोघी बायका एकमेकींना धरून रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रमोदनं मान खाली घालून सांगितलं, "जिथं म्हणाल तिथं बोलतो."

खाजा मियाँ मात्र बधले नाहीत. निवृत्तीला थोडंच उरलं होतं आणि गेटवरच्या एका चुकीसाठी त्यांच्यावर कारवाई निघाली. ते म्हणाले, "अक्का, सच मेरेकू मालूम है. मगर वो साब मेरे बच्चे कू नौकरी लगाए. उनका नमक खाया मैं." त्रिवेणीनं त्यांना चहा पाजला आणि संघमचं पाठबळ दिलं नाही. त्यांची नोकरी गेली. पुढं ते मला एका नव्या अपार्टमेंटच्या दारात दिसले, सिक्युरिटी कंपनीच्या निळ्या गणवेशात, स्टुलावर. मी त्रिवेणीला सांगितलं. ती पोळी लाटत होती.

"निळा रंग शोभतो का त्यांना?" तिनं विचारलं. पोळी मात्र तव्यावर जळेपर्यंत उलटायची राहिली.

मुकुंदराव रिटायर झाले तेव्हा तारनाक्याजवळच्या एका हॉलमध्ये मोठा निरोप समारंभ ठेवला. मंत्री येणार, पेपरवाले येणार. संघमतर्फे चांदीचं ताट द्यायचं होतं. साहेबांनी स्वतः निरोप पाठवला की त्रिवेणीबाईंनीच दोन शब्द बोलावेत. जुनं सगळं मिटलं असं त्यांना वाटलं असावं. लहान माणसं विसरतात, असं मोठ्या माणसांना नेहमीच वाटतं.

ती नव्या खाकी साडीत मंचावर गेली. पहिल्या रांगेत योगिनी नवऱ्यासोबत बसली होती.

"साहेबांनी आमच्यावर फार माया केली," त्रिवेणीनं तेलुगूत सुरुवात केली. "साहेबांचे गुलाब आमच्याच माणसांनी लावले. साहेबांच्या घरची भाजी आमच्याच माणसांनी निवडली. त्यामुळे बराकीत माणसं कमी पडली, पण साहेबांच्या घरी कधी काही कमी पडलं नाही." लोक हसले. मुकुंदरावही हसले. "साहेबांच्या घरच्या लग्नाची आठवण आमच्या दोन भावांनी सांगावी, अशी विनंती करते."

प्रमोद आणि नरसय्या वर आले. तिनं माइक प्रमोदपुढं धरला.

"लग्नात तू काय करत होतास?"

"वाढत होतो."

"त्या वेळी तुझी ड्युटी कुठं होती?"

"तीन नंबर बराकीवर."

हॉलमधलं हसू थांबलं. "नरसय्या, तुझी?"

"वहींच."

"मग बराकीवर कोण होतं?"

"विकास. अकेला."

"झोपला होता तो?"

नरसय्या माइककडे वाकला. "नैं. हम झूट बोले. साब बोलने कू बोले, हम बोले."

मंत्र्यांचा सेक्रेटरी माइक बंद करा म्हणून हातवारे करत होता. पण त्रिवेणीला माइकची गरज कधीच नव्हती, सगळी बराक ती एका हाकेत गप्प करायची. "मंत्रीसाहेब," ती मोठ्यानं म्हणाली, "आमचे साहेब आता ज्या कंपनीत बसणार आहेत, तिलाच तुम्ही जेलचं गेट देताय. त्या कंपनीची माणसं कोणाच्या लग्नाला वाढपी जातील, तेवढं आत्ताच विचारून घ्या."

पेपरवाले उठून उभे राहिले होते. योगिनी बापाकडे बघत होती. तिनं मोठ्यानं विचारलं, "बाबा, माझ्या लग्नात?" मुकुंदरावांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. ते त्रिवेणीजवळ आले आणि त्या मऊ आवाजात मराठीत म्हणाले, "त्रिवेणीबाई, आपण एका भाषेची माणसं. घरी येऊन बोलल्या असतात तर..."

"आले होते साहेब," ती म्हणाली. "तुमच्या बागेत उन्हात उभी होते. ऑफिसचं काम ऑफिसात, असं तुम्हीच सांगितलंत. हे घ्या, ऑफिसच्याच कार्यक्रमात केलं." आणि चांदीचं ताट तिनं त्यांच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी उर्दू आणि तेलुगू पेपरांत सगळं छापून आलं. कंपनीचं प्रकरण सरकारनं बाजूला ठेवलं, त्या वर्षापुरतं तरी. मुकुंदरावांना खुर्ची मिळाली नाही. विकासची चौकशी पुन्हा उघडली आणि त्याच्यावरचा डाग पुसला गेला. नोकरी करण्याजोगं शरीर उरलं नव्हतं. त्याच्या जागी भामाला वॉर्डर म्हणून घेतलं. तिला पहिल्यांदा खाकी साडी मीच नेसवली. प्रमोद आणि नरसय्यावर खोट्या जबानीची कारवाई झाली, पगारवाढ थांबली. त्रिवेणीनं वकील मात्र दिला, शब्दाप्रमाणे.

आणि तिची स्वतःची बदली गोदावरीकाठच्या एका जेलला झाली. कारण दिलं होतं, "प्रशासकीय सोय." तिनं हरकत घेतली नाही. "इतकं तर त्यांनी करायलाच हवं," म्हणाली. "नाहीतर मला वाटलं असतं, लागलंच नाही त्यांना."

दोन वर्षांनी मी तिला भेटायला गेले. तिथल्या बायकांना आठवड्याची सुट्टी नव्हती, त्यासाठी तिचं साहेबांशी भांडण चालू होतं. केस पांढरे झालेले, आवाज तोच. मी सगळ्या बातम्या सांगितल्या. मग म्हणाले, "मुकुंदरावांना लकवा झालाय. अंथरुणावर आहेत. योगिनी माहेरी येत नाही म्हणतात."

ती ताटं घेत होती. हात थांबला.

"कुठली बाजू गेली?"

"उजवी."

"बोलता येतं?"

"अडखळतात."

तिनं एकेक शब्द घास चावल्यासारखा ऐकून घेतला. मला वाटलं, आता काहीतरी मऊ बोलेल. वय झालं, नदीकाठी राहते, देवळात जाते.

"पाय चेपायला आता कोण आहे?" तिनं विचारलं.

"पगारी माणूस ठेवलाय म्हणतात."

"पगारी," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात भाताचा मोठा ढीग वाढला.